खडीचा शेवटचा हंगाम

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली, चार ओळींची सूचना होती. खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारा खडीचा रस्ता पुढच्या वर्षी डांबरी होणार होता. सासऱ्यांनी ती आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली.

“सत्तावीस वर्षं,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं मी ती खडी विंचरली.”

“बरंच झालं की,” सासूबाई म्हणाल्या. “लोकांच्या कमरा वाचतील.”

सासरे ग्रेडर चालवायचे. पोटाखाली लांबलचक पातं असलेलं ते पिवळं यंत्र रस्त्यावरून बैलाच्या चालीनं जातं आणि गाड्यांनी विस्कटलेली खडी पुन्हा जागेवर आणतं. उन्हाळ्याचे पाच महिने ते खिंडीतल्या चौकीत राहायचे, बर्फ पडायला लागलं की घरी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. एक गुडघा बदलून झाला होता, दुसऱ्याचं ‘बघू’ चाललं होतं. घरातलं दुसरं कुणी त्या रस्त्यावर कधी गेलं नव्हतं.

सून दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. ती लिफ्ट दुरुस्त करायची आणि त्या दिवशी एका नऊ मजली इमारतीत तिची वाट बघत होते.

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “तुझी ती मोटरसायकल चालू होते का अजून?”

एवढ्याशा प्रश्नानं सुनेचे नाड्यांवरचे हात थांबले.

“नाही,” नवरा म्हणाला.

“तुला कुणी विचारलं? मी तिला विचारतोय.”

सुनेनं गाठ पूर्ण मारली. “बॅटरी गेली असेल, बाबा. बाकी तिला काही झालं नव्हतं.”

“मग मला मागे बसवून खिंडीपर्यंत ने. डांबर पडायच्या आत.”

“बघू,” ती म्हणाली आणि हत्यारांची पिशवी उचलून निघून गेली.

मोटरसायकलला खरंच काही झालं नव्हतं. जे झालं ते सुनेला झालं होतं. चार वर्षांपूर्वी असल्याच एका खडीच्या वळणावर पुढचं चाक घसरलं आणि तिच्या गळ्याच्या हाडाचे दोन तुकडे झाले. एक पट्टी, सहा स्क्रू. नवरा सात तास दवाखान्याच्या बाकावर बसून होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, मुळातच मोजून बोलणारा. घरी आणल्यावर तो एवढंच म्हणाला, “मी दात बनवतो. हाडं मला बनवता येत नाहीत.” गाडी सोड असं तिला कुणी सांगितलं नाही. तिनं आपणहूनच गाडीवर ताडपत्री टाकली. नवव्या मजल्यावरून लिफ्टच्या विहिरीत वाकताना जिच्या पापणीची हालचाल व्हायची नाही, तिला रस्त्याच्या कडेला सांडलेली वाळू दिसली की बसमध्ये बसल्या बसल्या बोटं आवळून यायची.

संध्याकाळी कामावरून आल्यावर ती जेवणघरात न जाता सरळ मागच्या पडवीत गेली. ताडपत्री ओढण्याचा आवाज आला तसे सासरेही काठी टेकत मागोमाग गेले. हवेच्या गाळणीत उंदरानं घर केलं होतं. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास येत होता. क्लचची तार जाम झाली होती.

“हे सगळं होण्यासारखं आहे,” ती म्हणाली.

“लिफ्टपेक्षा सोपं असेल.”

“लिफ्ट पडत नाही, बाबा. तिला आठ दोर असतात.”

अकरा दिवसांत गाडी सुरू झाली, आणि जेवणाच्या टेबलाचं रस्ते खात्याचं कार्यालय झालं. एका बाजूला सुनेचा फोन आणि त्यातला नकाशा, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांची स्मरणशक्ती. सासऱ्यांना तो रस्ता किलोमीटरच्या दगडांनी पाठ होता. “एकोणीसच्या दगडाला झरा, पाणी तिथे भरायचं. सव्वीसला अरुंद मोरी, पाण्याचा नळा खालून जातो, वर कठडा नाही. चौतीसच्या पुढे वाऱ्याची जागा, टोपी उडते.” सून लिहून घ्यायची. पेट्रोल दोन माणसांच्या वजनाला किती पुरेल, टायरमधली हवा किती कमी करायची, रात्रीचा मुक्काम चौकीत मिळेल का, सगळ्याची यादी झाली. नवरा या टेबलावर बसायचा नाही. आपलं ताट घेऊन कामाच्या खोलीत जायचा आणि तिथे प्लास्टरच्या जबड्यांच्या संगतीत जेवायचा.

अडलं ते सात किलोमीटरवर. सासरे म्हणत खिंड एक्कावन्नच्या दगडाला. फोन म्हणे अठ्ठावन्न.

“तुझ्या फोननं कधी तिथे पाऊल ठेवलंय का?” सासरे तापले.

“तुमच्या दगडांनी कधी उपग्रह बघितलाय का?”

“भांडू नका,” सासूबाई म्हणाल्या. “मी विचारून देते.”

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. फोन हातात घेतला की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि आवाज दहा वर्षांनी तरुण. “नमस्कार, चौकी जोडून द्या,” त्या म्हणायच्या. असं आता कुणी कुणाला जोडून देत नाही, पण त्या आवाजापुढे नाही म्हणायची समोरच्याची छाती होत नसे. चौथ्या फोनला त्या थेट खिंडीतल्या चौकीत पोहोचल्या. तिथली मुकादमबाई बोलत होती. रस्त्यावरच्या सगळ्या टोळ्या तिच्या हाताखाली. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग फोनवर तळहात ठेवून सासऱ्यांकडे बघितलं.

“अहो, दोघंही बरोबर आहात. सहा वर्षांपूर्वी पुरात एकोणचाळीस ते चव्वेचाळीसचा रस्ता नदीत गेला. नवा डोंगराच्या वरच्या अंगानं काढलाय. म्हणून सात जास्त.”

एकोणचाळीस ते चव्वेचाळीस हा सासऱ्यांचा सगळ्यात आवडता टप्पा. तिथे त्यांनी रस्त्याला असा बाक दिला होता की पाऊस पडला तर पाणी चराकडे आपोआप पळायचं, चाकाखाली थांबायचं नाही. ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. दोन दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत.

“राहू दे गं,” तिसऱ्या दिवशी ते सुनेला म्हणाले. “जे बघायचं होतं तेच वाहून गेलंय.”

सुनेचे हात ग्रीसनं काळे होते. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

“बाबा, खरं सांगू? तुमच्यासाठी म्हणून मी ताडपत्री काढली, पण आता मलाच जायचंय. आणि एकटीनं जायची हिंमत नाही माझी. मला खडी दिसली की नुसते दगड दिसतात. तुम्हाला काय दिसतं ते मला शिकवा, मग खिंडीला जायचं की नाही ते ठरवू.”

सासऱ्यांनी काठीनं फरशीवर दोन रेघा ओढल्या. मग आतल्या दिशेनं हाक मारली, “अगं ए! त्या बाईला विचारलंस का, नव्या रस्त्यावर खडी कुठली टाकलीय? गोल की फोडलेली?”

सासूबाईंनी पुन्हा फोन लावला. “फोडलेली,” त्या आतूनच ओरडल्या.

“मग जाता येईल,” सासरे म्हणाले. “गोल असती तर चाकाखाली घरंगळली असती, मीच नको म्हटलं असतं.”

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. दर रविवारी सकाळी दोघं तिथे जायची. नवरा सोबत यायचा नाही. सासरे शेजाऱ्याच्या गाडीतून जायचे, सून मोटरसायकलवरून. सासरे घडीच्या खुर्चीत बसायचे आणि काठीनं हुकूम सोडायचे. जन्मात ते मोटरसायकलवर बसले नव्हते, पण खडी त्यांना लोकांच्या चेहऱ्यासारखी ओळखू यायची.

“तू चाकाकडे बघतेस. मी पात्याकडे कधी बघितलं नाही. वीस पावलं पुढे बघ. आता काय दिसतं?”

“खडी.”

“रंग सांग.”

तिनं डोळे बारीक केले. “दोन पट्टे गडद आहेत. मधला फिकट.”

“गडद म्हणजे दाबलेली, घट्ट. गाड्यांची चाकं तिथून जातात. फिकट म्हणजे सैल. आणि वळणावर?”

“वळणावर... बाहेरच्या बाजूला सगळं फिकट आहे.”

“प्रत्येक गाडी थोडी थोडी खडी बाहेर फेकते. वर्षभरात तिथे ढीग होतो. आम्ही तो पात्यानं परत ओढायचो. ज्या दिवशी ओढला नाही त्या दिवशी तिकडे जायचं नाही.”

सुनेनं इंजिन बंद केलं. चार वर्षं तिला वाटत होतं की त्या वळणावर आपल्या हातांनी दगा दिला. आता तिला ते वळण पुन्हा दिसलं. समोरून ट्रक आला म्हणून ती बाहेरच्या अंगाला गेली होती, सरळ त्या फिकट ढिगात. तिनं हेल्मेट काढलं, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “परत एकदा करते.” त्या दिवशी तिनं ते वळण चाळीस वेळा घेतलं.

पुढच्या रविवारी सासरे मागे बसले. बसणं हाच एक सोहळा होता: नवा गुडघा वाकेना, जुना दुखे. कसेबसे बसले आणि गाडी चालण्याच्या वेगानं निघाली. वीस-पंचवीस पावलं छान गेली. मग सासऱ्यांना खाणीच्या कडेचा पाण्याचा चर दिसला.

“अगं, तो चर बघ, कुणी गाढवानं उलट्या उताराचा—” म्हणत ते बोट दाखवायला सगळे एका अंगाला झुकले, आणि दोघं गाडीसकट आडवी झाली.

सासरे खडीत उताणे पडून खदाखदा हसत होते. कोपर सोलवटलं होतं, एवढंच. सुनेला आधी हायसं वाटलं, मग तिची नजर खाणीच्या तोंडाशी गेली. तिथे नवरा उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो चहाचा थर्मास घेऊन आला होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी कोपराला औषध लावलं. सून कामाच्या खोलीत गेली. नवरा एका कवळीतले दात उगाचच घासत होता.

“बोल,” ती म्हणाली.

“काय बोलू? तुमची यादी मी वाचलीय. पंक्चरचं सामान आहे, पाणी आहे, जादा तार आहे, बाबांच्या लोकरी टोप्या दोन आहेत.” त्यानं कवळी खाली ठेवली. “तू पडलीस तर मी काय करायचं, ते कुठल्या पानावर आहे?”

ते कुठल्याच पानावर नव्हतं. इतक्या दिवसांत तो भाग तिच्या मनातही आला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली. ती टेबलावरची वही घेऊन आली, कोरं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

“मला ते लिहिता येणार नाही,” ती म्हणाली. “तू लिही.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. मग दिव्याची मान वाकवली आणि लिहायला लागला. हे काम त्याला येत होतं. तोंडात केसभर खुपणार नाही अशी कवळी बनवणारा माणूस, त्यानं तसाच तो बेत घासूनपुसून घेतला. बाबांनी शेवटच्या गावापर्यंत बसनं जायचं; डांबरी रस्त्याचे दोनशे किलोमीटर तिनं एकटीनं. खडीवर दर पंधरा किलोमीटरला थांबायचं, गुडघा मोकळा करायचा. फोन लागतो त्या तीन जागा मुकादमबाईला विचारून लिहिल्या. जवळचा दवाखाना कुठला, कुणाचा रक्तगट काय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. पाऊस आला तर मागे फिरायचं, आणि त्यावर वाद घालायचा नाही. ही ओळ त्यानं दोनदा अधोरेखित केली.

“आणि बाबांना धरायला काहीतरी पाहिजे,” तो म्हणाला. “ते झुकले कारण त्यांचे हात रिकामे होते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं वडिलांना खुर्चीत बसवलं आणि लोकांच्या जबड्यांचा ठसा घेतात त्या मऊ लगद्यावर त्यांच्या दोन्ही मुठी दाबून घेतल्या. चार दिवसांनी कवळीच्या प्लास्टिकच्या, धरायच्या दोन मुठी तयार झाल्या. सासऱ्यांचं एकेक बोट त्यात चपखल बसत होतं. सुनेनं त्या गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टीवर बसवल्या. फक्त रंग तेवढा हिरड्यांचा, गुलाबी. त्याच्याकडे दुसरा रंगच नव्हता.

“अगदी हसतेय गाडी,” सासूबाई म्हणाल्या.

नंतर नवरा आपणहूनच मागे बसला. “ओझं म्हणून,” तो म्हणाला. “तुला सराव.” सुनेनं त्याला खाणीतून पाच फेऱ्या मारून आणलं. पहिल्या फेरीत त्यानं डोळे मिटले होते, हे त्यानं नंतर कबूल केलं. पाचव्या फेरीत तो तिच्या कानाशी ओरडला, “इथे उजवीकडे गडद आहे!” तीही ओरडली, “दिसलं!”

सामान सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. सासऱ्यांनी गुपचूप घातलेला हातोडा निघाला. का, तर एकवीसचा दगड हलत असतो. सासूबाईंनी हातोडा खणात टाकला आणि त्या जागी सुकी बिस्किटं भरली.

ठरल्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. शेवटच्या गावात सून बसच्या तासभर आधी पोहोचली. सासरे बसमधून उतरले तेच हेल्मेट घालून. बसमधल्या लोकांनी काय विचार केला असेल देव जाणे. गावाच्या टोकाला डांबर संपलं, कापडाची किनार संपते तसं, आणि खडी सुरू झाली.

पहिल्या दोन किलोमीटरनंतर तिला थांबावं लागलं. नजर पुन्हा चाकाकडे गेली होती. सासरे मागे मुठी धरून ताठ बसून राहिले. तिनं वीस पावलं पुढे बघितलं. गडद, फिकट, गडद. पुन्हा निघाली. दहाव्या दगडानंतर खांदे सैल झाले. एकोणीसला झरा होता, सासऱ्यांनी सांगितला तिथेच, आणि पाणी दात शिवशिवतील इतकं गार. तिसाव्या दगडाच्या आसपास मागचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टकटक आपटायला लागलं.

“बाबा! झोपलात की काय?”

“छे! डोळे मिटून खडी ऐकत होतो.”

झोपले होते, यात शंका नव्हती. तिला इतकं हसू आलं की गाडी थोडी हलली, आणि ती हलल्याचं तिला काहीच वाटलं नाही.

एकोणचाळीसला नवा रस्ता वर चढत होता. तिथे ती थांबली. सासरे कडेला जाऊन उभे राहिले. खाली नदीच्या वर, हवेत लटकल्यासारखा, जुन्या रस्त्याचा शंभरेक पावलांचा तुकडा उरला होता. दोन्हीकडून तुटलेला. त्याखालची दगडी भिंत मात्र तशीच होती आणि खडीतून एक झाड उगवलं होतं.

“भिंत धरून आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “बघ ना, भिंत धरून आहे.” मग स्वतःच गाडीकडे वळले.

चौकीत मुकादमबाई दारातच उभी होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, आवाज मोठा. “फोनवाल्या बाईंचे तुम्हीच ना?” तिनं सासऱ्यांना विचारलं. “बसा. चहा घ्या. आणि मला एक सांगा, छत्तिसाच्या मोरीत दरवर्षी पाणी का तुंबतं? डांबर पडायच्या आत हे सगळं सरळ करायचंय, आणि डांबर टाकणारे शहरातून येणार. पाणी कुठून येतं हे सांगायला इथे कुणी उरलेलं नाही.”

सासऱ्यांनी चहाचा कप तोंडाला लावलाच नाही. “छत्तिसाला एक मोरी नाहीये,” ते म्हणाले. “दोन आहेत. दुसरी मातीखाली गेली असणार. तुम्हाला माहीतच नाही का?”

मुकादमबाईनं खुर्ची ओढली आणि कागद पुढे केला.

बेतात त्या दुपारी दोघांनी आराम करायचा होता. पण सासऱ्यांभोवती टोळीतली सहा माणसं जमली आणि कागदामागून कागद भरायला लागले. मान वर न करता ते म्हणाले, “सूनबाई, पलीकडचा उतार बघून ये. तिथे मी कधी काम केलेलं नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.”

तिनं घरी फोन केला. नवऱ्यानं आधी आभाळाचं विचारलं, मग परत येण्याची वेळ लिहून घेतली, मग म्हणाला, “जा.”

पलीकडे खोरं एकदम उघडत होतं. रस्ता तांबूस होता, खडी बारीक, आणि वळणं तिच्या कुठल्याच वहीत नव्हती. पहिली काही तिनं भीतभीत घेतली, पुढची नुसती सावधपणे. चोवीस किलोमीटरवर एका उंचवट्याशी ती उतरली, दोन बिस्किटं खाल्ली आणि खालच्या दरीतून ढगाची सावली पुढे सरकताना बघत बसली. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं. मग ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी ती चौकीत परतली.

सासऱ्यांनी तोवर आपला निर्णय घेतला होता. ते दहा दिवस तिथेच राहणार होते. मुकादमबाई त्यांना जीपमधून दगडादगडाला नेणार आणि ते पाण्याच्या वाटा दाखवणार.

“आणि औषधं? आणि आई?”

“औषधं पंधरा दिवसांची आहेत, तुझ्या नवऱ्यानंच भरून दिलीत. तुझ्या सासूला सांग, काम निघालं. तिला सवय आहे.”

सकाळी ती एकटीच उतरायला लागली. थंडी होती, खडीवर दव होतं आणि सगळा रस्ता एकसारखा गडद दिसत होता, त्यामुळे रंगावरून काही कळत नव्हतं. ती सावकाश, आकारावरून अंदाज घेत चालली. अडतीसच्या दगडाच्या पुढे समोरून ग्रेडर वर येत होता, पात्याशी खडीचा लांब वरंबा लोळवत. तिनं गाडी बाजूला घेऊन वाट दिली. काचेमागच्या चालकानं हात वर केला. तिनंही केला. तशीच पुढे निघाली, आणि बरंच अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून एकाच हातानं गाडी चालवतोय.